नाक पुन्हा उभे करताना

एकदा शस्त्रक्रिया झालेल्या नाकावर दुसऱ्यांदा, क्वचित तिसऱ्यांदा शस्त्रक्रिया करणे हा या पुस्तकाचा विषय आहे. वैद्यकात तिला ‘रिव्हिजन ऱ्हायनोप्लास्टी’ म्हणतात. ती करून घ्यायला येणाऱ्याची तक्रार बहुधा दुहेरी असते. नाकाचा दांडा मध्येच खचलेला असतो, शेंडा चिमटल्यासारखा दिसतो, आणि रात्री तोंड उघडे टाकल्याशिवाय झोप लागत नाही. रुग्ण या तक्रारी सुट्या सुट्या सांगतो, पुष्कळदा दोन निरनिराळ्या डॉक्टरांना सांगतो. दिसण्याचे प्लास्टिक सर्जनकडे, श्वासाचे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. या पुस्तकाची भूमिका अशी आहे की बहुतेक रुग्णांत त्या एकाच बिघाडाच्या दोन खुणा असतात. नाकाला आतून आधार देणारा सांगाडा पहिल्या शस्त्रक्रियेत गरजेपेक्षा जास्त कमी झालेला असतो. आधार गेला की आकार बसतो, आणि आकार ज्या ठिकाणी बसतो तिथूनच हवा जात असते. म्हणून रूप सुधारू आणि श्वासाचे नंतर पाहू, किंवा श्वास मोकळा करू आणि दिसण्याकडे दुर्लक्ष करू, या दोन्ही वाटा मुळात चुकीच्या आहेत. नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास याच मुद्द्याभोवती फिरतो, आणि तो विसरला गेला तेव्हा तेव्हा रुग्णांना त्याची किंमत मोजावी लागली.

हे समजायला नाकाची रचना थोडी जवळून पाहावी लागते. चष्मा टेकतो तो वरचा भाग हाडाचा. त्याखालचे जवळजवळ सगळे नाक कूर्चेचे, म्हणजे लवचिक पण चिवट अशा पदार्थाचे आहे. मधोमध पडदा उभा असतो. आपल्याकडे ‘नाकाचे हाड वाढले आहे’ असे सर्रास म्हणतात, पण पुष्कळदा वाढलेले काहीच नसते. हा पडदा वाकलेला असतो, आणि त्याचा पुढचा मोठा भाग हाडाचा नसून कूर्चेचा असतो. पडद्याच्या वरच्या काठाला दोन्ही बाजूंनी कूर्चेचे पातळ पत्रे जोडलेले असतात. पत्रा आणि पडदा यांच्यामधला कोन साधारण १० ते १५ अंशांचा. रुंद नाकांत तो थोडा मोकळा असतो. या चिंचोळ्या जागेला १९०३ साली मिंक या डच वैद्याने नाकाची झडप म्हटले, आणि ते नाव टिकले. फुप्फुसांपर्यंतच्या संपूर्ण वाटेत हवेला जो अडथळा होतो, त्यातला निम्मा वाटा नाकाचा आणि त्यातला सर्वांत मोठा या झडपेचा. सरळ, गुळगुळीत नळीची त्रिज्या निम्मी केली तर अडथळा १६ पट वाढतो. नाक काही सरळ नळी नव्हे, त्यामुळे हे गणित त्याला जसेच्या तसे लागू होत नाही. पण या जागी मिलिमीटरभराने किती फरक पडतो याची कल्पना त्यावरून येते. शिवाय अरुंद जागेतून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, आणि भिंती आत ओढल्या जातात. शहाळ्यातले पाणी जोराने ओढताना भिजलेली कागदी नळी जशी चपटी होते, तशी कमकुवत नाकपुडी प्रत्येक खोल श्वासाला आत दबते. जिना चढताना एखाद्याची नाकपुडी मिटताना दिसते, ती हीच. आता उंचवटा काढण्यासाठी दांड्याचा वरचा भाग कापला, तर पडदा आणि ते दोन पत्रे यांचा सांधा तुटतो. तो पुन्हा नीट बांधला नाही, तर काही महिन्यांनी पत्रे आत घसरतात. बाहेरून हाडाच्या खालच्या कडेशी उलट्या ‘व्ही’सारखी सावली दिसू लागते आणि आत झडप अरुंद होते. आरशातली सावली आणि छातीतली घुसमट यांचे कारण अशा रुग्णात एकच असते.

ही जाणीव नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कापलेले नाक जोडण्याची कृती आहे. झाडाचे पान नाकाच्या मापाने कापायचे, त्या मापाने गालाची त्वचा सोडवायची, ती नाकाच्या बुंध्यावर बसवायची, आणि नाकपुड्यांत दोन नळ्या घालायच्या. नव्या नाकाला उचलून धरणाऱ्या आणि वाट उघडी ठेवणाऱ्या या नळ्यांकडे बहुतेक वाचक धावता कटाक्ष टाकून पुढे जातात. मला त्या नळ्याच कृतीचा गाभा वाटतात. जखम भरल्यावर नाक कमी पडले तर पुन्हा वाढवण्याचा प्रयत्न करावा, मांस जास्त झाले तर समतल करावे, असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे दुसऱ्यांदा करावयाच्या दुरुस्तीचा विचार या शास्त्राच्या सर्वांत जुन्या उपलब्ध पाठातच आहे.

पुढचा ठळक पुरावा थेट पुण्याचा आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापले गेले. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा, पत्रात ज्याला मराठा म्हटले आहे असा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले, आणि मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज वैद्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराला बसवायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ ओढायची, त्वचा सोडवायची, दोन डोळ्यांच्या मधली पट्टी तेवढी रक्तपुरवठ्यासाठी जोडलेली ठेवायची, आणि उरलेली खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. वर काताचा लेप, मग तुपात भिजवलेल्या पट्ट्या. आणि दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, ती भोके उघडी राहावीत म्हणून. त्या कारागिराचे नाव पत्रात नाही. पण नाक दिसले म्हणजे काम झाले असे त्याने मानले नाही, हे त्या बोळ्यांवरून कळते. हेच पत्र वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला ही शस्त्रक्रिया केली, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आणि युरोपात ही रीत ‘भारतीय पद्धत’ म्हणून रुजली. त्याआधी इटलीत हाताच्या त्वचेपासून नाक करण्याची रीत होती आणि बोलोन्याच्या ताल्याकोत्सी यांचा तिच्यावरचा ग्रंथ १५९७ चा आहे. पण त्यात रुग्णाला हात आठवडेच्या आठवडे डोक्याशी बांधून ठेवावा लागे.

भारतीय पद्धत जगभर गेली तशी तिची उणीवही उघडी पडली. कपाळाची त्वचा बाहेरून छान बसे, पण आतली बाजू उघडी राही. उघडी जखम आकसते. काही महिन्यांत नवे नाक गोळा होई आणि नाकपुड्या बुजत. इंदूरला काम करणारे शल्यवैद्य कीगन यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात यावर उपाय मांडला: नाकाच्या उरलेल्या भागाची त्वचा उलटी वळवून आधी आतले अस्तर करायचे, मग वर कपाळाची त्वचा. पुढे हेच सूत्र झाले. नाकाला तीन थर लागतात, आत अस्तर, मध्ये सांगाडा, वर त्वचा, आणि यातला एक जरी थर राहिला तर उरलेले दोन त्याची भरपाई करू शकत नाहीत. याचे सर्वांत बोलके उदाहरण कुष्ठरोगाच्या नाकाचे आहे. त्यात रोगाने आतले अस्तर आणि पडदा नष्ट होतो, नाक चेहऱ्यात बसते, पण बाहेरची त्वचा शाबूत असते. तिथे कपाळावरून आणखी त्वचा आणून उपयोग नसतो. प्लास्टिक सर्जन हॅरोल्ड गिलीज यांनी आतले व्रण सोडवून तिथे नवे अस्तर बसवण्याची रीत काढली. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या चेहऱ्यांसाठी अशाच विचाराने काम केले, पुण्याजवळ कोंढव्याला आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात. नाकामुळे ज्यांना गावाबाहेर राहावे लागत होते अशा माणसांसाठी ते काम होते. त्याला कोणी सौंदर्यशस्त्रक्रिया म्हटले असेल असे वाटत नाही, आणि तरी चेहरा परत मिळवून देणे हेच त्याचे उद्दिष्ट होते.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मात्र रूप आणि श्वास यांच्या वाटा फुटल्या. १८८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला जॉन रो यांनी बाहेर छेद न देता नाकाचा आकार बदलला. १८९८ मध्ये बर्लिनला जाक जोसेफ यांनी मोठ्या नाकाला लहान केल्याचा अहवाल मांडला. जोसेफ यांची बुद्धी आणि शिस्त असामान्य होती. पुढची दोन पिढ्यांची सौंदर्यशस्त्रक्रिया त्यांच्या पावलावर चालली, पण ती मुख्यतः कमी करण्याची कला होती: उंचवटा तासायचा, शेंड्याची कूर्चा छाटायची, हाडे जवळ आणायची. त्याच सुमारास, १९०२ ते १९०४ या काळात, फ्रीअर आणि किलियन यांनी वाकडा पडदा अस्तराखालून काढण्याची शस्त्रक्रिया प्रस्थापित केली. तिचा हेतू श्वास हा होता आणि तीही काढून टाकण्याचीच कला होती. वर आणि पुढे सेंटिमीटरभर पट्टी ठेवायची हे भान त्यांना होते, पण त्यांच्या मागून आलेल्या सर्वांनी ते पाळले नाही. अशा रीतीने एक शाखा बाहेरून आधार काढत होती, दुसरी आतून काढत होती, आणि रुग्णाचे नाक दोन्हीकडून पोकळ होत होते. शिकागोचे मॉरिस कॉटल यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला नाक हे श्वसनाचे इंद्रिय म्हणून अखंड पाहिले पाहिजे असा आग्रह धरला, पण सौंदर्यशस्त्रक्रियेच्या मुख्य प्रवाहाने तो फारसा मनावर घेतला नाही.

वळण आणले ते बिघडलेल्या नाकांनी. कॅलिफोर्नियातले जॅक शीन यांच्याकडे दुरुस्तीसाठी येणारी नाके पाहून त्यांच्या लक्षात आले की या रुग्णांना आणखी कापण्याची नाही, परत भरण्याची गरज आहे. १९८४ मध्ये त्यांनी ‘स्प्रेडर ग्राफ्ट’ मांडले: कूर्चेच्या काडीएवढ्या दोन पट्ट्या, पडदा आणि बाजूचे पत्रे यांच्यामध्ये बसवलेल्या. त्या बसल्या की झडपेचा कोन उघडतो आणि त्याच वेळी दांड्याची बाहेरची रेघ सरळ होते. या पुस्तकाचा सारा युक्तिवाद या एका छोट्या पट्टीत पाहायला मिळतो, कारण तिचा रूपासाठीचा भाग कुठे संपतो आणि श्वासासाठीचा कुठे सुरू होतो हे सांगताच येत नाही. त्याच काळात बुडापेस्टच्या रेती यांनी १९३४ मध्ये वापरलेला, मग झाग्रेब आणि टोरोंटोमार्गे पसरलेला खुला मार्ग रूढ झाला. दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद घेऊन त्वचा वर उचलली की सांगाडा समोर दिसतो, मोजता येतो, टाक्यांनी बांधता येतो. यातून ‘स्ट्रक्चरल’ म्हणजे सांगाडा बांधणारा संप्रदाय उभा राहिला. गेल्या दशकात दुसऱ्या संप्रदायाने जोर धरला आहे: दांड्याचा सांधा तोडायचाच नाही, खालून पडद्याची पट्टी काढून तो अख्खा खाली बसवायचा. बॉस्टनला गुडेल यांनी १८९९ मध्ये आणि लोथ्रोप यांनी १९१४ मध्ये हेच सुचवले होते, म्हणजे कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. पूर्व आशियातला प्रवाह आणखी निराळा. तिथे नाक उंच करण्यासाठी सिलिकॉन वापरण्याची रीत रुजली, आणि तिथल्या दुरुस्तीचा अवघड प्रश्न म्हणजे संसर्गानंतर आकसून वर ओढले गेलेले नाक. या सगळ्यांत कोणता संप्रदाय श्रेष्ठ, हा वाद पहिल्या शस्त्रक्रियेपुरता रंगतो. दुसऱ्या वेळी मात्र जतन करायला पुष्कळदा फारसे उरलेलेच नसते. तिथे बांधण्याला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

बांधायचे तर सामान हवे, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची खरी अडचण हीच आहे. सर्वांत सोयीची कूर्चा पडद्याची. ती सरळ, घट्ट आणि त्याच जागी असते, पण पहिल्या वेळी तीच खर्ची पडलेली असते. कानाची कूर्चा सहज मिळते आणि कानाचा आकार बिघडत नाही, पण ती मूळचीच वाकडी आणि मऊ. जिथे वळण हवे तिथे ती उत्तम, जिथे भार पेलायचा तिथे अपुरी. मग उरते बरगडी. तिच्यात कूर्चा मुबलक असते, मात्र ती कोरल्यावर वाकते. बाहेरच्या थरात ताण असतो आणि आतल्यात तो वेगळा. एका बाजूचा थर तासला की पट्टी दुसरीकडे कलते. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्ये दाखवले की गाभ्यातून दोन्हीकडे समतोल राखून कोरली तर ती बरीचशी सरळ राहते. म्हणून अनुभवी सर्जन पट्टी कोरून सलाइनमध्ये ठेवतात, ती कुठे कलते ते पाहतात, मगच बसवतात. चाळिशी-पन्नाशीनंतर बरगडीची कूर्चा हाडासारखी होऊ लागते हेही लक्षात घ्यावे लागते. वर त्वचेचा प्रश्न आहे. आपल्याकडे पुष्कळांच्या शेंड्यावरची त्वचा जाड असते. सांगाडा फार बारीक केला तर ती त्यावर चपखल बसत नाही; मधली पोकळी व्रणाने भरते आणि शेंडा उलट जाड दिसतो. ‘अजून थोडे कमी करा’ या मागणीला अशा नाकात उत्तर अधिक आधार हे असते, आणि ते रुग्णाला समजावणे शस्त्रक्रियेइतकेच कठीण. सूज उतरायला आणि व्रण मऊ व्हायला वर्ष लागते. त्याआधी घाई करू नये हा नियम जुना आहे आणि रास्त आहे, श्वास पूर्ण कोंडला असेल किंवा संसर्ग असेल असे अपवाद वगळता.

या भूमिकेवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की श्वासाचा उपचार गरज आहे, रूपाचा हौस. दोन्ही एकत्र केले तर हौसेला गरजेचे लेबल लागते. आरोग्य विम्याचे नियमही याच रेषेवर उभे आहेत. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचाराचा भाग असेल तर ती चालते. या रेषेचा गैरवापर होऊ शकतो हे मान्य. पण खचलेली झडप उघडताना दांडा उचलला जातोच. ते बिलात वेगळे करता येते, शरीरात येत नाही. दुसरा आक्षेप असा की पुष्कळांना नुसता पडदा सरळ करून बरे वाटते. तेही खरे आहे. बिघाड मागच्या पडद्यात असेल तर बाहेरच्या आकाराला हात लावण्याचे कारणच नाही. मात्र पडद्याचा पुढचा काठ वाकडा असेल, तर तोच काठ शेंड्याला धरून ठेवतो. तो सरळ केला की नाकाचे दिसणे बदलते, सर्जनने तसे ठरवलेले असो वा नसो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: श्वास मोकळा झाला हे ठरवायचे कसे? दाब आणि प्रवाह मोजणारी यंत्रे आहेत, पण त्यांचे आकडे आणि रुग्णाचा अनुभव यांचा मेळ अनेकदा बसत नाही. त्याला शरीरशास्त्रीय कारण आहे. हवा जाणवते ती अस्तराला लागणाऱ्या गारव्यामुळे. पुदिन्याच्या अर्काने नाक मोकळे वाटते, पण अडथळा तेवढाच असतो. तो अर्क फक्त गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागे करतो. उलट, नाकातले टर्बिनेट, म्हणजे आतल्या बाजूच्या भिंतीवरचे अस्तराने झाकलेले उंचवटे, बेसुमार काढले गेले, तर वाट सताड उघडी असूनही काही रुग्णांना जीव गुदमरल्यासारखे होते. म्हणून २००४ मध्ये तयार झालेली पाच प्रश्नांची ‘नोज’ मापनपट्टी, जी थेट रुग्णाला विचारते, ती यंत्राच्या जोडीला वापरणे शहाणपणाचे. यातून आमच्या भूमिकेला बळच मिळते. मोकळा श्वास म्हणजे निव्वळ मोठे भोक नव्हे. तो आकार, आधार आणि जिवंत अस्तर यांचा मिळून होतो. शेवटचा आक्षेप असा की दुसरी शस्त्रक्रिया म्हणजे न संपणाऱ्या साखळीची सुरुवात. काही रुग्णांच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. नाकात दोष नगण्य आणि मनातले दुःख अपार, अशा माणसाला शस्त्रक्रियेने बरे वाटत नाही; त्याला मानसोपचार तज्ज्ञाची गरज असते, आणि ‘नाही’ म्हणणारा सर्जन त्याचे भलेच करतो.

हा विषय आत्ता मराठीत येण्याची निकड आहे. प्रकाशित अभ्यासांत नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण साधारणपणे ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान दिसते. पहिल्या शस्त्रक्रिया जितक्या वाढतील तितक्या या दुसऱ्याही वाढणार. मुंबई-पुण्याबरोबर आता लहान शहरांतही नाकाचा आकार बदलून मिळतो. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक असते त्यापेक्षा मोठे दिसते, आणि त्या फोटोवरून चाफेकळी नाकाचा हट्ट धरला जातो. खचलेला खड्डा इंजेक्शनने भरून देण्याचाही प्रघात वाढतो आहे. छोट्या खड्ड्याला तो तात्पुरता झाकतो, पण झडप उघडत नाही. आणि आधी शस्त्रक्रिया झालेल्या नाकात रक्तवाहिन्यांची जागा बदललेली असल्याने त्वचा मरण्याचा, क्वचित दृष्टी जाण्याचा धोका तिथे अधिक असतो. हे जाहिरातीत नसते. रुग्णाला ते आपल्या भाषेत वाचायला मिळाले पाहिजे.

प्रस्तुत पुस्तक शस्त्रक्रियेचे हस्तपुस्तक नाही. विद्यार्थ्याला क्षेत्राचा नकाशा मिळावा, फॅमिली डॉक्टरला कोणाला कुठे पाठवावे हे कळावे, आणि रुग्णाला प्रश्न विचारता यावेत, एवढा त्याचा आवाका आहे. बिघडलेली नाके दिसण्यानुसार किंवा श्वासानुसार न विभागता, कोणता आधार गेला यानुसार लावली आहेत. यशाच्या कथांबरोबर जिथे निकाल मध्यम आला आणि जिथे शस्त्रक्रिया न करणेच योग्य ठरले, त्यांनाही जागा दिली आहे. वाद उरले आहेत तिथे ते मिटवण्याचा आव आणलेला नाही.

सर्जन वाचकांना एक विनंती आहे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीत कोणती कूर्चा किती काढली, पडद्याची किती पट्टी ठेवली, कुठे काय बसवले, हे लिहून रुग्णाच्या हाती द्यावे. दुसऱ्या वेळी नाक उघडणाऱ्याला त्याहून मोलाचा कागद नाही. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या विचारात असलेल्या वाचकाने तो कागद, शस्त्रक्रियेपूर्वीचे जुने फोटो आणि सीटी स्कॅन असल्यास तो सोबत घेऊन जावे, आणि होकार देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्या नाकातला कोणता आधार गेला आहे, तो बांधायला कूर्चा कुठून घेणार, आणि श्वास सुधारला की नाही हे आपण कसे ठरवणार.